चूकदुरुस्ती

सोहारला एसी बंद केला
की आधी काहीच कळत नाही,
मग कान उघडे पडतात.
अठरा वर्षं मी ज्याला शांतता समजत होते
तो कॉम्प्रेसर होता.

खमीससाहेब म्हणाले होते,
"कागद आता मासळी बांधायलाही कुणी मागत नाही,
यापुढे कानात शिरायचं.
मल्याळम, बंगाली, उर्दू, आणि हो, तुमचीही.
किती असाल तुम्ही बंदरावर?"
सहाशे, मी ठोकून दिलं.
वीस रियाल मंजूर झाले.
त्यात एक माइक आला
आणि त्याला घालायला स्पंजची टोपी.

मी प्रुफं तपासणारी बाई,
दुसऱ्यांच्या इंग्रजीतले कुसळ वेचणारी.
माझा आवाज मला ठाऊक होता
आईला फोनवर "जेवले" म्हणण्यापुरता.

खोली निवडली जुन्या अंकांची,
छतापर्यंत बांधीव गठ्ठे.
रिन्शाद म्हणतो, जुना कागद आवाज खातो,
गाद्यांपेक्षा बरा.
मलप्पुरमचं पोर, मराठीचा गंध नाही,
पण पडद्यावर आवाजाच्या रेषा वाचतं
वैद्यानं नाडी वाचावी तशी.
"वीस मिनिटं, चेची. पुढे घाम माइकवर पडतो."
बाहेर सेहेचाळीस.

पहिला पाहुणा सखाहरी वाकचौरे, अकोल्याकडचा,
एकवीस वर्षं आमचाच अंक दारोदार टाकणारा.
इस्त्रीचा शर्ट घालून आला.
म्हटलं, अहो, दिसणार नाही कुणाला.
"आवाजाला कळतं," म्हणाला.

मी प्रश्न लिहून आणले होते, नऊ.
पहिल्यालाच तो खोकला,
मग माझ्या मागच्या गठ्ठ्यांकडे बघत बसला.
"बाई, एक मीच विचारू का?
मी हे जे टाकत आलो
त्यात असतं काय?"

त्याला वाचता येत नाही
हे मला तेव्हा कळलं.

प्रश्नांचा कागद घडी घालून ठेवला.
वादळाच्या वर्षाचा गठ्ठा उतरवला, धूळ दोघांच्या नाकात,
आणि इंग्रजीतून मराठीत
ठेचकाळत वाचू लागले:
'वादीला पूर. किनाऱ्याचा रस्ता बंद.
जीवितहानी नाही.
अंक नेहमीप्रमाणे घरपोच.'

"नेहमीप्रमाणे?"
सखाहरी हसला, मग हसायचा थांबला.
"छातीला पाणी लागलं होतं, बाई.
गठ्ठा डोक्यावर, सायकल खजुराला बांधलेली.
नूरुल टेलरचं मशीन वाहिलं, पायाचं, नवंच होतं,
हप्ते चालू होते त्याचे.
तो मागं गेला त्याच्या.
मी हाक मारली. दोनदा.
मशीन तिसऱ्या दिवशी सापडलं,
पुलाच्या अलीकडं."

पुढे तो बोलला नाही.
लांब बंदरावर एक क्रेन वळत होती,
तिचा कुरकुराट खोलीत आला
आणि गठ्ठ्यांनी तो खाल्ला नाही.

'जीवितहानी नाही.'
ती ओळ मी तपासली होती.
समासात माझी बारीक सही आहे, हिरव्या शाईची.
स्पेलिंग एकही चुकलेलं नव्हतं.

आमच्या दुसऱ्या पानावर तळाशी एक चौकट असते,
फोटोखालचं नाव चुकलं, तारीख चुकली,
तसदीबद्दल दिलगीर आहोत.
तिच्यात नूरुल मावेना.
म्हणून तो बोलला तसाच ठेवला,
खोकल्यासकट,
आणि वर चौकटीचंच नाव दिलं.

रिन्शादनं हेडफोन उतरवला.
"चेची, इथे तेहेतीस सेकंद काहीच नाही. कापू?"
नको म्हटलं.
त्यानं विचारलं नाही का,
फक्त रेषेच्या त्या सपाट तुकड्यावर
बोट ठेवून थोडा वेळ बसला.

मग एसी लागला.
सखाहरीनं कॉलर चाचपली, दारापर्यंत गेला,
वळून गठ्ठ्यांवरून नजर फिरवली
एखाद्यानं चाळीचे मजले मोजावेत तशी.
"पुढच्या शुक्रवारी," म्हणाला,
"कुठलं साल काढायचं?"